नऊ अधिक एक

वाहनाच्या ठरावीक मुदतीने होणाऱ्या तपासणीला सरकारी कागदावर 'योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण' असे भारदस्त नाव आहे. रस्त्यावर मात्र तिला 'पासिंग' म्हणतात. परीक्षेत मूल पास होते तशी निरीक्षकापुढे गाडी पास होते. गाडीत किती माणसे बसवण्यास परवानगी आहे, हेही याच शब्दाने सांगितले जाते. 'गाडीचं पासिंग किती?' असे विचारले की 'नऊ प्लस एक' असे उत्तर येते. नऊ प्रवासी अधिक एक चालक.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. पास-नापास हे शब्द आमच्या व्यवसायातलेच, त्यामुळे त्यांचे आम्हाला कधी विशेष वाटले नाही. परंतु एका पासिंगची हकीकत जवळजवळ वीस वर्षे आमच्या मनात राहून गेली आहे. ती आम्ही एकमेकांशीही कधी नीट बोललो नव्हतो. यंदा आमच्यापैकी एक जण निवृत्त झाला आणि निरोपाच्या समारंभात एका जुन्या विद्यार्थिनीच्या भाषणामुळे ती अकस्मात वर आली. त्या दिवशी आम्ही जे ऐकले, ते लिहून काढल्यावाचून सुटका नाही असे दोघांनाही वाटले. म्हणून हे लेखन.

2003 साली सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागातल्या एका महाविद्यालयात आम्ही रुजू झालो. राहायला तालुक्याच्या गावी आणि नोकरी वर अठरा किलोमीटरवर, असे आमचे रोजचे अप-डाऊन. मध्ये एक लहानसा घाट. महाविद्यालय सकाळी आठला भरे. एसटी होती, पण मुक्कामाची गाडी पहाटे वरून खाली येई आणि आम्हाला तर खालून वर जायचे असे. वर जाणारी पहिली एसटी साडेदहाला. मधल्या वेळात जाणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वडाप.

वडाप हा शब्द सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मराठवाडा-विदर्भात जिला काळी-पिवळी म्हणतात, तिचीच ही बहीण. कायद्याच्या भाषेत ती 'मॅक्सी कॅब', म्हणजे चालकाखेरीज सहाहून अधिक आणि बारापर्यंत प्रवासी नेणारे कंत्राटी वाहन. कंत्राटी वाहनाने एका ठिकाणाहून माणसे घ्यावीत आणि ठरल्या ठिकाणी पोचवावीत; वाटेत थांब्याथांब्यावर माणसे चढवण्या-उतरवण्याचा अधिकार टप्पा वाहनाला, म्हणजे आपल्याकडे एसटीला. वडाप नेमके हेच करी. म्हणून ते एसटी स्थानकापासून 200 मीटर लांब, वडाच्या झाडाखाली उभे असे.

आमच्या गाडीचे चालक-मालक पन्नाशीचे होते. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. गाडीचे पासिंग नऊ अधिक एक. प्रत्यक्ष हिशेब असा होता: पुढे मामांसह चार, मधल्या बाकावर पाच, मागच्या समोरासमोरच्या दोन बाकांवर आणि त्यांच्यामध्ये टाकलेल्या फळीवर मिळून सात, आणि मागच्या पायरीवर उभी राहिलेली दोन पोरे. एकूण अठरा. फळी मामांनी सुताराकडून करून घेतली होती. तिला खालून दोन खुंट्या होत्या आणि वर जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकला होता. आम्हा दोघांची जागा मात्र पुढे. 'सर आले, सरांना पुढं बसू द्या,' असे मामा म्हणत, आणि तिथे बसलेली मुले-मुली उतरून निमूटपणे मागे जात. या मानाचे प्रारंभी अवघडल्यासारखे वाटले. महिन्याभरात सवय झाली.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला मास्तर भल्या पहाटे पायी वाट तुडवत वाडीवर जातो. वर्गात ती कादंबरी शिकवताना आम्ही त्या पायी जाण्याबद्दल पुष्कळ बोलत असू. पायी जाणाऱ्याला गाव हळूहळू दिसत जाते, असे काहीसे. आम्ही स्वतः ज्या गाडीतून त्या वर्गापर्यंत पोचत होतो, तिच्याबद्दल मात्र आम्ही वर्गात कधी चकार शब्द काढला नाही.

2006 च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मामा म्हणाले, "सर, उद्या गाडी यायची न्हाई. पासिंगला न्यायचीय." दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाला सुट्टी होती. आम्हाला कुतूहल वाटले आणि आम्ही सोबत गेलो. त्या काळी प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे निरीक्षक ठरल्या दिवशी तालुक्याच्या गावी शिबिराला येत. शिबिर बाजार समितीच्या आवारात. सकाळपासून तेथे जीपा, टेम्पो, तीनचाकी टमटमा, उसाच्या ट्रॉल्या अशी रांग लागलेली. आमची गाडी ओळखू येईना. मामांनी ती आदल्या रात्री नदीवर धुतली होती. मागच्या बाजूला लाल, पुढे पांढऱ्या आणि कडेला पिवळ्या परावर्तक पट्ट्या नव्याने चिकटवल्या होत्या. पुढे झेंडूची माळ होती. आणि मधली फळी गाडीत नव्हती. ती टायरवाल्याच्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवली होती.

रांगेत एक गोष्ट पाहून आम्हाला हसू आले. अग्निशामक नळकांडे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात होते. पुढची गाडी तपासून झाली की तिचा मालक ते मागच्याला देई. प्रथमोपचाराची पेटीही तशीच फिरत होती. कोणी लपवत नव्हते, कोणाला त्यात वावगेही वाटत नव्हते. मामांच्या हातात एक कागद होता; चेसिसवर कोरलेल्या क्रमांकावर तो ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा उतरवून घेतलेला. लहानपणी आपण नाण्याचा ठसा उतरवत असू, अगदी तसा. या गाडीचा हाच एक पुरावा, जो उसना आणता येत नाही.

निरीक्षक तरुण होते, यंत्र अभियांत्रिकी शिकलेले. त्यांच्याविषयी ऐकीव मतावरून आमच्या मनात जे चित्र होते, त्यात ते बसत नव्हते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील बासष्टाव्या नियमाखाली तपासायच्या बाबींचा एक तक्ता आहे. स्पार्क प्लगपासून सुरू होऊन तो दिव्यांचे झोत, परावर्तक, आरसा, काच, भोंगा, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, वेगाचा काटा आणि स्टिअरिंग असा जातो. त्यांनी यातले बहुतेक खरोखर पाहिले. मामांना आवारातल्या आवारात गाडी पळवून करकचून ब्रेक मारायला लावला. डाव्या दिव्याचा झोत वर जातो आणि हातब्रेक धरत नाही, असे सांगून त्यांनी गाडी परत पाठवली. मामा तासाभरात दोन्ही दुरुस्त करून आले. तेव्हा त्यांनी पुन्हा पाहिले आणि सही केली.

मग त्यांचे लक्ष आमच्याकडे गेले. आमच्या वेशावरून त्यांनी ओळखले असावे.

"सर, आपण प्राध्यापक का?"

"हो. वरच्या कॉलेजात."

"याच गाडीने येता-जाता?"

"हो."

"साधारण किती जण असतात गाडीत?"

प्रश्नात खोच नव्हती. कदाचित त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मामा दोन पावलांवर उभे होते; ते काही बोलले नाहीत, आमच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. आमच्यापैकी एक जण म्हणाला, "दहा." दुसऱ्याने मान हलवली. कोण बोलला आणि कोणी मान हलवली, हे येथे सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. निरीक्षकांनी 'बरं' म्हटले आणि ते पुढच्या गाडीकडे वळले.

परतताना मामांनी टायरवाल्याच्या दुकानासमोर गाडी थांबवली, फळी उचलून आत टाकली आणि आमच्याकडून त्या दिवशी भाडे घेतले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, संध्याकाळी, पावसात, घाट उतरताना गाडीचा ब्रेक लागेना. एवढे ओझे घेऊन वळणावळणांनी उतरताना ब्रेक सतत दाबून धरावा लागतो; तो तापत जातो आणि मग पाय खाली जातो तरी गाडी थांबत नाही. मामांनी प्रसंगावधान राखून डाव्या हाताला, डोंगराच्या बाजूच्या चरात गाडी घातली. उजवीकडे घातली असती तर हे लिहायला आम्ही नसतो. पुढे बसलेल्या आम्हाला खरचटले. फळी खुंट्यांतून निसटली आणि तिच्यावर बसलेली द्वितीय वर्षाची एक मुलगी मागच्या दारावर आदळली. तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले.

प्रकरण गावातच मिटले. औषधपाण्याचा खर्च मामांनी केला, पोलिसांत कोणी गेले नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी गाडीत किती माणसे होती, याची नोंद कोठेही झाली नाही. सत्राच्या परीक्षेला आम्ही धावपळ करून त्या मुलीला लेखनिक मिळवून दिला, आणि आपण आपले कर्तव्य केले असे आम्हाला वाटले.

पुढल्या वर्षी, 2007 साली, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वर्तमानपत्रात वाचनात आला. 42 प्रवाशांची परवानगी असलेल्या एका बसला अपघात झाला होता आणि तिच्यात 90 माणसे होती. विमा कंपनी जबाबदार धरली जाईल ती 42 जणांपुरतीच, असे न्यायालयाने म्हटले. आणि तेवढीच रक्कम सर्व दावेदारांना प्रमाणात वाटून देण्याचा मार्ग काढला. आम्ही तो निकाल दोनदा वाचला. नऊ अधिक एक हा आकडा तोवर आम्हाला दंडाशी जोडलेला वाटत होता. त्या आकड्यापलीकडच्या माणसाचे मोडलेले हाड कोणाच्या खात्यावर लिहिले जात नाही, हे तेव्हा कळले.

आता निरोपाच्या समारंभाविषयी. ती मुलगी पुढे बी.ए. झाली, आणि आज एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. भाषणात तिने आमच्या शिकवण्याची नेहमीची स्तुती केली आणि मग हसत हसत म्हणाली, "सर पुढं बसायचे आणि आम्ही फळीवर. पण पोचायचो एकाच वेळी." सभागृह खळखळून हसले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

चहाच्या वेळी आम्ही तिला बाजूला घेऊन बाजार समितीच्या आवारातला तो प्रश्न आणि ते उत्तर सांगितले. बोलताना आमचा आवाज नको तितका औपचारिक झाला होता. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सर, तुम्ही अठरा म्हणाला असता तर गाडी बंद झाली असती. गाडी बंद झाली असती तर माझं कॉलेज बंद झालं असतं. वडील म्हणालेच असते, राहू दे आता."

आम्हाला सुटल्यासारखे वाटले. ते तिला दिसले असावे. कप खाली ठेवत ती म्हणाली, "पण सर, त्या दहात मी होते का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे उत्तर होते: ती नव्हती. दहा मोजायचे तर मान असलेल्यांपासून मोजणे सुरू होते. पुढचे चार, मधले पाच, आणि मग मागचा कोणी एक. फळीवरची ती त्या दहात बसत नव्हती. दहा म्हणताना आम्ही मामांची गाडी वाचवली, आमची सकाळ वाचवली, तिचे महाविद्यालयही वाचवले असेल. पण मोजणीतून तिला वगळूनच.

संस्कृतातल्या 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या एका धातूपासून आपल्या भाषेला किती शब्द मिळाले आहेत, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी सांगतो. निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा आणि उपेक्षा. उपेक्षा हाही पाहण्याचाच एक प्रकार आहे, असे सांगितले की वर्ग जरा चमकतो. ज्याला काही दिसतच नाही तो उपेक्षा करू शकत नाही. त्या निरीक्षकांना फळी दिसत नव्हती, कारण ती टायरवाल्याकडे होती. आम्हाला ती दिसत होती. रोज, दोन्ही वेळा.

एक गोष्ट त्या तरुण निरीक्षकांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांनी जे तपासायचे होते ते प्रामाणिकपणे तपासले. पण पासिंगला गाडी रिकामी जाते. रिकाम्या गाडीचा ब्रेक सपाट आवारात लागला, हे त्यांनी पाहिले. अठरा माणसे घेऊन घाटात तो लागेल का, हे पाहण्याचा त्यांच्याजवळ मार्ग नव्हता. एकच मार्ग होता, तो म्हणजे रोज त्या गाडीतून जाणाऱ्याला विचारणे. आणि तो मार्ग त्यांनी अवलंबला होता. तपासणीच्या कुठल्याही तक्त्यात नसलेला एकमेव खरा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो आम्ही वाया घालवला.

त्यानंतर तपासणीची पद्धत पुष्कळ सुधारली. मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका झाली आणि 2016 च्या आदेशानंतर ब्रेकच्या चाचणीसाठी 250 मीटर लांबीच्या मार्गाचा आग्रह धरला जाऊ लागला. 2021 साली केंद्र सरकारने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. अशा केंद्रात ब्रेकची ताकद रोलरवर आणि दिव्याचा झोत यंत्राने मोजतात. यंत्रापुढे वशिला चालत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि यंत्रापुढेही गाडी जाते ती रिकामीच. फळी काढून ठेवायला टायरवाल्याचे दुकान सगळीकडेच असते.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात 194-अ हे कलम आले. जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड, हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला भाग. दुसरा भाग आम्ही अलीकडे वाचला. जादा प्रवासी खाली उतरवून त्यांच्यासाठी पर्यायी वाहतुकीची व्यवस्था होईपर्यंत ते वाहन हलू द्यायचे नाही, असे ते कलम सांगते. कायदा लिहिणाऱ्याला निदान हे सुचले होते की उतरवलेल्या माणसालाही कोठेतरी पोचायचे असते. आमच्या रस्त्यावर सकाळी सव्वासातला आठ माणसे उतरवली, तर त्यांची पर्यायी वाहतूक साडेदहाला येणार होती, आणि तोवर दोन तासिका होऊन गेल्या असत्या.

नोव्हेंबर 2021 मध्ये, एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात, शासनाने खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा दिली. ज्या वडापला स्थानकाच्या 200 मीटरच्या आत उभे राहण्याची मनाई, ती त्या दिवसांत आमच्या तालुक्याच्या स्थानकात फलाटाला लागलेली आम्ही पाहिली. फलाटावर उभी असलेली ती गाडी त्या दिवसांपुरती सर्वांना दिसत होती. तिच्यात किती माणसे बसतात आणि का बसतात, हे तेव्हा तरी कोणी लिहून घ्यायला हवे होते. संप मिटला आणि ती पुन्हा झाडाखाली गेली.

त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नावर आम्ही दोघांनी मागाहून पुष्कळ विचार केला. आम्ही अठरा म्हणायला हवे होते का? नुसते अठरा म्हणणे हेही अर्धेच उत्तर झाले असते. गाडी बंद झाली असती, आमचे सत्य शाबूत राहिले असते आणि फळीवरच्या सात जणांचे शिक्षण त्या सत्याच्या खर्चात पडले असते. आमच्यासारख्या पगारदार माणसांना दुचाकी घेणे अवघड नव्हते; पुढे आम्ही घेतलीच. पूर्ण उत्तर साधारण असे असते: "अठरा असतात साहेब. मागे फळी आहे, ती टायरवाल्याकडे ठेवली आहे. पहाटेची एसटी खाली येते आणि वर जाणारी साडेदहाला आहे. आम्ही लेखी देतो, तुम्हीही वर लिहा." चार वाक्ये. आम्ही अर्ज, निवेदने, अहवाल लिहून देणारी माणसे. गावातले कितीतरी लोक त्यासाठीच आमच्याकडे येत. सकाळी सातच्या एसटीसाठी एक अर्ज लिहावा, त्यावर त्या अठरा जणांच्या सह्या घ्याव्यात आणि तो आगारात नेऊन द्यावा, हे तीन वर्षांत आम्हाला एकदाही सुचले नाही. पुढची जागा मिळत होती, हे त्याचे एक कारण असावे.

मामा आता नाहीत. गाडी बरीच वर्षे त्यांच्या अंगणात उभी होती. मग भंगारात गेली. त्या रस्त्यावर आज दुसऱ्या गाड्या धावतात, अधिक नव्या आणि अधिक वेगवान. निरोप समारंभाहून परतताना आम्ही मुद्दाम त्यांतल्या एकीने आलो. चालक तरुण होता. त्याने आम्हाला पाहून पुढच्या जागेवरच्या दोन मुलींना मागे जायला सांगितले. आम्ही नको म्हटले आणि मागे जाऊन बसलो. त्याने विशेष काही साधले, असे नाही. पण मागून माणसे मोजता येतात. चालकासह चौदा होती.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थिनीला दूरध्वनी करून आम्ही अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. तिने त्यात एक दुरुस्ती सुचवली. आम्ही 'विद्यार्थिनींची गैरसोय होते' असे लिहिले होते. तिने 'किती विद्यार्थिनींची, ते आकड्यात लिहा' असे सांगितले. तो आकडा घेण्यासाठी आम्ही सोमवारी पहाटे पुन्हा त्या झाडाखाली जाणार आहोत.